कॅमेऱ्याची उंची

१

ओजस्विनी मूळची बार्शीची. चंडीगढच्या आयटी पार्कमधल्या एका लहानशा कंपनीत ती बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांच्या हरवलेल्या फायली परत मिळवून द्यायची. कुणाचे लग्नाचे फोटो, कुणाचा पीएचडीचा प्रबंध, कुणाच्या आजोबांची शेवटची मुलाखत. लोक रडवेल्या चेहऱ्याने येत आणि बहुतेक वेळा हसत जात. ती मात्र संध्याकाळी छत्तीस सेक्टरातल्या एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर परत यायची, कुलूप उघडायची, दिवा लावायची आणि लॅपटॉपसमोर ताट घेऊन बसायची. कुकरची शिट्टीसुद्धा तिला सोबत वाटायची.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या. उर्मिला खानोलकर. यजमान नंदकुमार हवाई दलात ग्रुप कॅप्टन होते. शेवटची बदली चंडीगढला झाली, शहर आवडलं, म्हणून निवृत्तीनंतर दोघं इथंच राहिले. दोन वर्षांपूर्वी ते झोपेतच गेले. मूलबाळ नव्हतं. काकू त्या एवढ्या मोठ्या घरात एकट्याच राहत होत्या, आणि आठवड्यातून दोन-तीनदा जिन्याखालून हाक यायची, "ओजस्विनी, मेथी जास्त झालीय गं. येतेस का खाली?"

मेथी कधीच जास्त झालेली नसायची. हे दोघींनाही माहीत होतं.

डिसेंबरात धुकं उतरलं. सकाळी गेटसमोरचा गुलमोहर दिसेनासा व्हायचा तो दुपारपर्यंत. अशाच एका रविवारी काकू स्वतः जिना चढून वर आल्या. हातात जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेली एक हार्ड डिस्क होती.

"टीव्हीला कायम लावलेली असायची," त्या म्हणाल्या. "दिवाळीत जाळ्या काढताना धक्का लागला आणि पडली. तेव्हापासून नुसती टकटक करते. मी म्हटलं, जाऊ दे. पण जात नाही मनातून."

ओजस्विनीने डिस्क कानाशी धरून हलवून पाहिली. "डिस्कवरचे काही सेक्टर खराब झाले असतील. बघते मी."

"आमच्याकडे सेक्टर खराब झाला म्हणजे पार्किंग मिळत नाही," काकू हसल्या. मग लगेच गंभीर झाल्या. "जुन्या व्हिडिओ कॅसेट ह्यांनी यातच उतरवल्या होत्या. यात ह्यांचा आवाज आहे. चेहरा नाही हं. कॅमेरा सदानकदा ह्यांच्याच हातात. मला त्याचं बटण कुठलं तेही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी एकदा म्हणून ह्यांना शूट केलं नाही बघ. पण आवाज आहे. 'उर्मिला, इकडे बघ' म्हणायचे. तेवढं एक मिळालं ना, तरी पुष्कळ."

२

डिस्कचे आतले भाग बदलावे लागले, पण काम जमलं. जे वाचता येत होतं त्याची प्रत ओजस्विनीने दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली आणि त्या प्रतीतून फायली वेचायला प्रोग्राम लावून दिला. अशा ज्या फायली निघतात त्यांना नाव नसतं, तारीख नसते. नुसते क्रमांक. अनाथ पोरांसारख्या त्या स्क्रीनवर एकामागून एक येऊन उभ्या राहतात.

तिने तपासायला म्हणून एक उघडली. तिशीतल्या काकू, जांभळी साडी, कुठल्यातरी वाळवंटी गावातला बंगला. कॅमेऱ्यामागून खर्जातला पुरुषी आवाज आला, "उर्मिला, इकडे बघ."

ओजस्विनीला एकदम भरून आलं. खुर्चीत टेकून ती स्वतःशीच म्हणाली, मिळाले काका.

आणखी दहा-बारा फायलींनंतर तिला त्याहून मोठी गोष्ट मिळाली. त्याच बंगल्याचा व्हरांडा होता. काकू मटार सोलत होत्या आणि शेजारच्या वेताच्या खुर्चीत पेपर वाचत एक सडसडीत, मिशीवाला माणूस बसला होता. काकूंच्या डायनिंगच्या भिंतीवरच्या फोटोमुळे तिने ओळखलं. हेच काका. काकूंना वाटत होतं की चेहरा नाही. आणि इथे चांगला दीड मिनिटभर होता.

तिने ती क्लिप लगेच फोनवर घेतली. ऑटोत बसून घरी येताना ती मनातल्या मनात काकूंचा चेहरा कसा होईल ते बघत होती.

३

काकूंनी चष्मा पुसला, फोन डायनिंग टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवला आणि क्लिप पाहिली. मग परत पाहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"जोधपूर," त्या म्हणाल्या. "ह्या खुर्च्या आम्ही तिथंच टाकून आलो. किती बारीक होते गं हे तेव्हा!"

तिसऱ्यांदा पाहताना त्यांचं रडणं थांबलं. चौथ्यांदा त्यांनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला.

"ओजस्विनी, हे काढलं कुणी?"

"म्हणजे?"

"आम्ही दोघंही दिसतोय ना यात. घरात आम्ही दोघंच."

ओजस्विनीने आता पहिल्यांदाच क्लिप नीट पाहिली. इतका वेळ तिचं लक्ष फक्त चेहऱ्याकडे होतं. चित्रात खुर्च्यांचे पाय मोठे दिसत होते. काकूंच्या पायातली जोडवी स्पष्ट दिसत होती आणि चेहरे कुठेतरी उंचावर, लांब. जमिनीवरून काढलेलं होतं ते.

"स्टँडवर ठेवला असेल, काकू. किंवा पायरीवर."

"हलतंय की."

हलत होतं खरं. चित्र थोडं पुढे सरकायचं, थबकायचं, परत सरकायचं. आणि माइकच्या अगदी जवळ कुणाचातरी श्वास होता. लहान, भरभर.

"कामाला कुणी असेल तेव्हा. त्यांचं मूल असेल. मुलं धरतात की कॅमेरा हातात."

"असेल," काकू म्हणाल्या.

क्लिपच्या शेवटी काका पेपर खाली करायचे आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसायचे. शेजारी बसलेल्या तरुण काकू मटारातून डोकं वर काढत नव्हत्या. काकूंनी त्या हसण्यावर बोट ठेवून चित्र थांबवलं आणि फोन तसाच टेबलावर ठेवून दिला. मग ती क्लिप त्यांनी आपल्या फोनवर मागून घेतली. ओजस्विनी जायला उठली तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "अजून निघतायत ना फायली?"

४

निघत होत्या. शनिवारी ऑफिस जवळजवळ रिकामं होतं. काचेबाहेर दुपारीही काही दिसत नव्हतं. धुक्यात फक्त पार्किंगमधल्या एका गाडीचा पिवळा दिवा लुकलुकत होता.

एका वेळी एकच असं ठरवून ओजस्विनी बघत गेली. बहुतेक क्लिप काकांनीच काढलेल्या होत्या: हवाई दलाचे कार्यक्रम, बागेतल्या शेवंत्या, स्वयंपाक करताना लाजणाऱ्या काकू. मध्येच एखादी अशी यायची जिच्यात दोघंही असायचे.

तारखा नसल्या तरी घरं ओळखू येत होती. जोधपूरच्या बंगल्यात कॅमेरा जमिनीलगत होता. पुढच्या, बहुधा आसामातल्या, घराला उतरतं पत्र्याचं छप्पर होतं, बाहेर सुपारीची झाडं होती आणि पाऊस होता. तिथे कॅमेरा जेवणाच्या टेबलाच्या कडेशी होता. कडेवरून ताटं दिसायची, वाटीतली वाफ दिसायची, आणि पलीकडे काकूंचे हात. त्याच्या पुढच्या क्वार्टरमध्ये तो काकूंच्या खांद्याला आला होता.

नोकराचं मूल, ती स्वतःला सांगत होती. शेजाऱ्यांचं मूल. पण शेजाऱ्यांचं मूल बदलीबरोबर राजस्थानातून आसामात जात नाही. तिकडून पुढच्या गावी जात नाही. मग काकांनीच कुठूनतरी टांगलेला असेल. कॅमेरा दोरीने वर-खाली करता येतो. का करेल पण माणूस असं? आणि काका तर समोर होते.

मग ती क्लिप आली. गॅरेज. काका उकिडवे बसून एका लहान सायकलीची सीट वर करत होते. पान्याने नट आवळला, सायकल हलवून पाहिली आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "आता बघ, पाय टेकतायत का."

कुणी उत्तर दिलं नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता.

काकांनी घराच्या दाराकडे एक नजर टाकली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग ओठांवर बोट ठेवून, हसत, हळू आवाजात ते म्हणाले, "आईला सांगायचं नाही हं."

चित्र वर गेलं, खाली आलं. परत वर गेलं, खाली आलं.

ओजस्विनीला कळायला एक क्षण लागला. कॅमेरा धरणाऱ्याने मान डोलावली होती.

तिने हेडफोन काढून ठेवले.

५

शेवटची फाइल अर्धवट होती. ती बघू नये असं तिला मनापासून वाटत होतं, आणि न बघता घरी जाणं त्याहून अवघड होतं. घरी म्हणजे त्याच घरी.

क्लिपमध्ये काकूंची डायनिंगची खोली होती. आत्ताचीच. भिंतीवर काकांचा फोटो आणि त्याला चंदनाचा हार. म्हणजे काका गेल्यानंतरची. टेबलाशी काकू एकट्या वरण-भात खात होत्या. कॅमेरा दारात होता आणि दारालगतच्या फ्रिजचा माथा त्यात वरून दिसत होता. माथ्यावरची धूळ दिसत होती, आणि त्या धुळीत पडलेलं बॅडमिंटनचं एक शटल.

काकूंनी घास हातात धरून मान वर केली, काहीतरी ऐकल्यासारखी. दाराकडे पाहिलं. त्यांना काही दिसलं नसावं. त्या परत जेवू लागल्या. कॅमेरा त्यांच्याकडे सरकला. आणखी सरकला. त्यांच्या केसांतला भांग वरून दिसायला लागला, पांढरा, विरळ. तिथे फाइल तुटली.

संध्याकाळी ती खाली गेली. काकू स्वयंपाकघरात आल्याचा चहा करत होत्या. ओजस्विनी डायनिंगच्या दारात उभी राहिली. फ्रिजचा माथा तिला दिसत नव्हता. चवड्यांवर उभी राहिली, तरी नाही. आवाज न करता तिने खुर्ची ओढली आणि वर चढली.

शटल होतं. त्याचं एक पीस मोडलेलं होतं.

"काय शोधतेस गं?" काकू चहाचे कप घेऊन मागे उभ्या होत्या.

"काही नाही. वर काहीतरी वाजल्यासारखं झालं." तिने शटल खाली घेतलं. "हे काकांचं का?"

काकूंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "छे. ह्यांनी आयुष्यात कधी रॅकेट धरली नाही." मग थोड्या वेळाने, "ठेव. होतं तिथेच ठेव."

६

चहा पिता पिता काकूंनी विचारलं, "मग? सगळं मिळालं?"

"नहीं काकू. म्हणजे बरंच मिळालं. काही फायली पूरी करप्ट होत्या. त्या नाही येणार. पक्का."

"तू खोटं बोलतेस तेव्हा हिंदीत शिरतेस."

बाहेर रस्त्यावर तिळाची रेवडी-गजक विकणाऱ्याची हाक धुक्यातून आली आणि विरून गेली.

"त्या व्हरांड्याच्या क्लिपमध्ये हे शेवटी हसतात ना," काकू कपाकडे बघत म्हणाल्या, "मी ते रोज बघते आहे. माझ्याकडे बघून हे कधी तसं हसले नाहीत. चांगले होते, प्रेमाचे होते, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतंच. कुणासाठी होतं, ते न कळण्याइतकी मी भोळी नाही."

"काकू, ते कुणीही असू शकतं."

"ह्यांना मूल हवं होतं. मी नको म्हटलं. दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका बांधायच्या, नवं गाव, नवी माणसं; माझाच जीव मला जड होता. स्पष्ट सांगितलं ह्यांना, मला नकोय. हे बरं म्हणाले. पुन्हा कधी विषय काढला नाही. मला वाटलं, विसरले." त्यांनी कप खाली ठेवला. "एका घरात राहून दोघं इतके एकटे असू शकतात गं. आता कळतंय. ते विसरले नव्हते. त्यांनी त्यांचं काहीतरी केलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं."

ओजस्विनीने खूप समजावून पाहिलं. डिस्क खराब झाली की काहीही दिसतं, एका फाइलचे तुकडे दुसरीत मिसळतात, डोळे फसतात. बोलता बोलता तिचाच त्यावर विश्वास बसेना. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हात पुढे केला.

"माझी आहे ना ती डिस्क? दे मला."

ओजस्विनीने नवी डिस्क पिशवीतून काढून त्यांच्या हातावर ठेवली. नाही म्हणायचा तिला काय हक्क होता?

७

त्या दिवसापासून खालचा टीव्ही थांबेना. फरशीतून शब्द नीट पोचत नसत, पण काकांचा खर्ज पोचायचा. 'आईला सांगायचं नाही हं' या एका वाक्याची लय तिला पाठ झाली होती. तेच वाक्य, मागे घेऊन परत, मागे घेऊन परत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टीव्ही बंद झाला आणि काकूंचा आवाज सुरू झाला.

फोनवर बोलत असतील, असं ओजस्विनीला आधी वाटलं. पण फोनवर माणूस असं बोलत नाही. काकू एक वाक्य बोलायच्या आणि थांबायच्या. समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढं थांबायच्या. त्या थांबण्यात काहीच ऐकू येत नव्हतं. मग काकू पुढचं बोलायच्या. सुरुवातीला आवाजात माफी मागितल्यासारखं काहीतरी होतं. पुढे ते गेलं. घरातल्या माणसाशी बोलतात तसं त्या बोलू लागल्या. चप्पल बाहेर काढ. पंखा नको लावूस. अजून एक घे.

मेथी जास्त झाल्याची हाक येईनाशी झाली. फोडणीचा वास मात्र वर यायचा, पूर्वीपेक्षा जास्त, दोन्ही वेळेला. ओजस्विनी आपल्या खोलीत ब्रेड भाजून खायची. तिला भीती वाटत होती हे खरंच, पण भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं आणि त्याचं तिला जास्त वाईट वाटत होतं. तिला आता कुणी हाक मारत नव्हतं.

जानेवारीत लोहडीच्या शेकोट्या पेटल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू वर आल्या. केस नीट विंचरलेले, अंगावर चांगली शाल. दारातच उभ्या राहिल्या.

"तुला एक सांगायचं होतं. वाईट वाटून घेऊ नकोस हं. वरची खोली मला लागणार आहे."

"कुणी येणार आहे का, काकू?"

काकू लाजल्यासारख्या हसल्या. "येणार काय, आहेच. इतकी वर्षं बिचारा कुठे झोपत असेल, माझ्या मनात विचारसुद्धा आला नाही बघ. एवढा मोठा झालाय. त्याला स्वतःची खोली नको?"

काकू खोलीभर नजर फिरवत होत्या. खिडकी, पलंग, भिंत. नजर पलंगावर थांबली.

"हा आखूड पडेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

८

चंडीगढला लागूनच असलेल्या मोहालीत ऑफिसातल्या एका मुलीच्या फ्लॅटमध्ये जागा मिळाली. सामान थोडंच होतं. छोट्या टेम्पोत सगळं मावलं. सकाळ उलटून गेली होती, तरी ऊन पडलं नव्हतं. शेजारच्या कोठ्या धुक्यात नुसत्या सावल्यांसारख्या उभ्या होत्या.

काकू गेटपर्यंत आल्या. हातात गरम डबा होता. "पोचल्यावर खा. आणि फोन करत जा."

"करीन." ओजस्विनीने डबा घेतला, पण पाय हलेना. "काकू, तुम्ही चला ना माझ्याबरोबर. चार दिवस. मग ठरवा."

"वेडी आहेस का? घर टाकून?"

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

काकूंनी शाल घट्ट ओढून घेतली. चेहऱ्यावरचं ते नवं, तुकतुकीत हसू गेलं आणि ओजस्विनीला ओळखीच्या, म्हाताऱ्या, थकलेल्या काकू क्षणभर दिसल्या.

"वाटते ना," त्या हळूच म्हणाल्या. "मी त्याला नको म्हटलं होतं. ते त्याला माहीत असेल का, एवढी एकच भीती वाटते."

"विचारलंत?"

"विचारलं. रोज विचारते. तो अजून बोलत नाही. नुसता बघतो."

"मॅडम जी, चलें?" टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

काकूंनी तिच्या गालाला हात लावला. हात बर्फासारखा होता. मग त्या वळल्या आणि बागेतल्या फरशीवरून सावकाश आत गेल्या. ओजस्विनी गेट लावायला थांबली आणि सहज तिची नजर वर गेली.

तिची खोली. खिडकी तिने स्वतः बंद केली होती, कुलूप लावून किल्ली काकूंच्या हातात दिली होती. काचेमागे अंधार होता. त्या अंधारात काचेवर आतून एक पांढरा गोल उमटला होता. तोंडाच्या वाफेचा उमटतो तसा. तो लहान झाला. मोठा झाला. पुन्हा लहान झाला. काचेच्या अगदी वरच्या कडेशी होता तो. पडदे धुवायला काढताना तिथपर्यंत पोचायला ओजस्विनीला स्टूल लागायचं.

खाली दार लागल्याचा आवाज झाला. आतून काकूंची हाक आली, स्पष्ट, धीर गोळा करून मारलेली, "आले रे मी. ये खाली."

काचेवरचा गोल जिथल्या तिथे थांबला. मग कडेपासून विरत विरत नाहीसा झाला.

ओजस्विनी गेटची कडी हातात धरून उभी राहिली. टेम्पोवाला पुन्हा काहीतरी म्हणाला, ते तिला ऐकू आलं नाही. ती आतला आवाज ऐकत होती. घरातला जिना जड पावलांखाली वाजत होता. एकेक पायरी, घाई न करता. पावलं खाली पोचली आणि थांबली.

काकू काही बोलतील म्हणून ती वाट बघत राहिली.